कानातली नाडी

या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय फारच लहान आहे. इतका लहान की, तो एका कानात मावतो. परंतु ज्याच्या कानात तो शिरला त्यास तो रात्ररात्र झोपू देत नाही, आणि क्वचित प्रसंगी दृष्टीवर किंवा जिवावरही बेततो. शिवाय तो सांगायला रोगी संकोचतो आणि ऐकायला डॉक्टर कंटाळतो. म्हणून त्याविषयी चारचौघांत मोकळेपणाने बोलावे असे आम्हांस वाटले.

प्रथम आमची हकीकत सांगतो. सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका रात्री आम्ही अंथरुणावर पडलो असता दूर कोठेतरी पाण्याचा पंप चालू असावा तसा आवाज ऐकू येऊ लागला. हुश्श, हुश्श, हुश्श, असा एका लयीत. शेजारच्या इमारतीत टाकी भरत असतील असे समजून आम्ही मनातल्या मनात त्या मंडळींस चार शब्द ऐकविले आणि उठून खिडकी लावून घेतली. तो काय, आवाज कमी होण्याऐवजी वाढला! घरातून उठून विचारणा झाली, “अहो, कसला पंप? मला तर काहीच ऐकू येत नाही.” दुसऱ्या दिवशी बाजारहाट करून तीन जिने चढून आलो, तेव्हा तोच आवाज आमच्याबरोबर धापा टाकू लागला. मग मात्र उमगले की, पंप शेजारी नाही. तो आमच्याच छातीत आहे आणि त्याचा आवाज उजव्या कानात येतो आहे.

त्यानंतरचे काही महिने कसे गेले ते विस्ताराने सांगत नाही. एका डॉक्टरांनी कानातला मळ काढून दिला. दुसऱ्यांनी “वय झाले, असे व्हायचेच” असा निर्वाळा दिला. तिसऱ्यांनी आमच्या चेहऱ्याकडे पाहून झोपेची गोळी लिहून दिली आणि “लक्ष देऊ नका” असा सल्ला दिला. आता, स्वतःच्या कानाशी अहोरात्र कोणी भाता ओढीत बसला असता त्याकडे लक्ष न देणे हे सांगणाराला जितके सोपे असते तितके ऐकणाराला नसते. अखेर चौथ्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “हा आवाज तुमच्या नाडीबरोबर वाजतो काय?” आजच्या साऱ्या व्याख्यानाचे सार या एका प्रश्नात आहे.

कानात आवाज येणे ही व्याधी पुरातन आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादास स्वतंत्र स्थान आहे. सामान्यतः ज्यास कर्णनाद म्हणतात तो रातकिड्यांसारखा, शिट्टीसारखा किंवा वाऱ्याच्या घोंघावण्यासारखा एकसारखा चालणारा आवाज असतो. चेक संगीतकार स्मेताना यास १८७४ साली बहिरेपण आले. त्याच्या कानात जो आवाज वाजे त्याची खूण म्हणून त्याने १८७६ च्या आपल्या तंतुवाद्यरचनेच्या शेवटच्या भागात व्हायोलिनचा एक तीव्र, लांबलचक स्वर घातला. हा जो कर्णनाद, त्याच्या मुळाशी बाहेर किंवा आत कोठेही खराखुरा ध्वनी नसतो. अंतःकर्णातल्या नाजूक पेशी झिजल्या म्हणजे मेंदूकडे येणारा मजकूर कमी पडतो, आणि ती उणीव मेंदू आपल्या पदरच्या आवाजाने भरून काढतो, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

नाडीबरोबर वाजणाऱ्या आवाजाची जात मात्र वेगळी. येथे बहुधा खराखुरा ध्वनी असतो. शरीरात कोठेतरी रक्त वाहताना आवाज करीत असते आणि कान तो इमानेइतबारे ऐकत असतो. कान बिघडलेला नसतो. उलट तो चहाडी करीत असतो म्हणा ना! म्हणूनच “कानात आवाज येतो” एवढ्यावर न थांबता तो कोणत्या जातीचा हे प्रथम ठरविले पाहिजे. त्याची परीक्षा घरच्या घरी होते. शांत जागी बसावे, मनगटावरची नाडी बोटांनी चाचपावी आणि कानातल्या आवाजाशी तिचा ठोका जुळतो की नाही ते पाहावे. मग दोन जिने चढून यावे आणि पुन्हा पाहावे. नाडी जलद झाली आणि आवाजही तितकाच जलद झाला, तर संशय उरत नाही. ठोका जुळत नसून नुसतीच टकटक किंवा फडफड होत असेल, तर ती बहुधा कानातल्या किंवा टाळूच्या बारीक स्नायूंची उचकी समजावी.

आता कोणी विचारील की, रक्त तर सगळ्यांच्याच अंगात वाहते. मग सगळ्यांनाच हा आवाज का येत नाही? प्रश्न रास्त आहे. किंबहुना आपले अंतःकर्ण जेथे बसविले आहे ती जागा पाहिली म्हणजे उलटेच आश्चर्य वाटते. कवटीच्या बाजूस शंखास्थी नावाचे हाड आहे. त्याच्या पाषाणासारख्या कठीण भागात गोगलगाईच्या शंखासारखे वळसे घेतलेले अंतःकर्ण आहे. त्याच्या अगदी पुढून मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी वळण घेऊन वर जाते. आणि मागून व खालून मेंदूतले रक्त परत आणणारी जाडजूड नीला उतरते. म्हणजे पुढे जाणारा पाट, मागे येणारा पाट, आणि मध्ये ऐकणारा! त्यांच्यामध्ये पातळ हाडाच्या भिंती तेवढ्या आहेत.

तरीही आपणांस शांतता लाभते, याची कारणे दोन. एक म्हणजे निरोगी नळीतून वाहणारे रक्त मुळी आवाजच फारसा करीत नाही. १८८३ साली मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगीत पाण्याची एक बारीक धार मिसळून पाहिली. प्रवाह संथ असेतो ती धार सुतासारखी सरळ राही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती मोडून भोवरे उठत. सरळ धार मुकी असते, भोवरा बोलतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपल्या पूर्वजांनी माणसांस उद्देशून केली असली तरी ती रक्तासही लागू पडते. नदीचा डोह गप्प असतो. तीच नदी खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून निघाली की अर्ध्या मैलावरून ऐकू येते. दुसरे कारण असे की, बाहेरच्या जगाचे आवाज आतल्या बारीक आवाजांस झाकून टाकतात. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांस एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसविले, तेव्हा त्यांपैकी शेकडा ९४ जणांस काही ना काही आवाज ऐकू आला! आमच्या खिडकीचे रहस्य यातच आहे. खिडकी लावली, रस्ता गप्प झाला, आणि आतला पंप उघडा पडला.

यावरून कारणांचे तीन गट आपोआप पडतात: प्रवाहाचा वेग वाढणे, प्रवाहाची वाट बिघडणे, आणि ऐकणाराभोवतालची भिंत बदलणे.

पहिला गट सर्वांत साधा आणि आपल्याकडे फार महत्त्वाचा. अंगात रक्त कमी असले म्हणजे ते पातळ होते आणि उणीव भरून काढण्यासाठी हृदय ते अधिक वेगाने फिरविते. पातळ आणि वेगवान प्रवाह म्हणजे भोवऱ्यांना आमंत्रणच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. “कानात धडधडते” असे म्हणणाऱ्या कित्येक मायबहिणींची समजूत “तुझ्या मनाचे खेळ” अशी घातली जाते. एका साध्या रक्ततपासणीने जे उत्तर मिळाले असते ते मिळत नाही. थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली तरी असेच घडते. गरोदरपणातही रक्ताभिसरण वाढते, त्यामुळे असा आवाज येऊ शकतो; परंतु गरोदर स्त्रीस आवाजाबरोबर डोकेदुखी, अंगावर सूज किंवा नजरेत अंधारी असेल, तर तिने त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

दुसरा गट वाटेचा. उतारवयात रोहिणीच्या आतल्या बाजूस चरबीचे थर बसून ती चिंचोळी होते. त्या चिंचोळ्या जागी रक्त खळखळते. असा आवाज ही पुढे येऊ शकणाऱ्या अर्धांगवायूची आगाऊ सूचना असू शकते. कधी मानेला हिसका बसून रोहिणीचे आतले अस्तर फाटते. मान किंवा चेहरा एका बाजूस दुखू लागतो, त्याच बाजूची पापणी उतरते आणि कानात ठोका सुरू होतो. हा तातडीचा प्रसंग होय. जाता जाता सांगतो, केस कापून झाल्यावर मान कडाड् मोडून घेण्याची पुष्कळांना हौस असते. ती सोडलेली बरी.

कधी रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये नसती वाट फुटते, आणि जोराचे रक्त मधल्या बारीक केशवाहिन्यांस वळसा घालून थेट नीलेत कोसळते. मेंदूच्या आवरणात अशी वाट पडली तर तिच्यातून पुढे रक्तस्राव होण्याचा धोका असतो. डोक्याला मार बसल्यावर डोळ्यामागे अशी वाट पडली, तर डोळा लाल होऊन पुढे येतो आणि डोक्यात घरघर सुरू होते. १८०९ साली लंडनचे शस्त्रवैद्य बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशाच एका स्त्रीच्या मानेतली रोहिणी बांधून तिला बरे केले. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते, हे लक्षात घ्या. आज मांडीतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून केसासारखी बारीक नळी थेट त्या जागेपर्यंत नेऊन ती वाट आतूनच बुजविता येते, आणि बऱ्याच रोग्यांचा वर्षानुवर्षांचा आवाज तेथल्या तेथे थांबतो.

कानाच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांची लाल गाठ वाढणे हेही एक कारण आहे. ती सहसा कर्करोगाची नसते, पण तिचा तुकडा तपासणीसाठी घाईने काढू गेल्यास भळाभळा रक्त वाहते. म्हणून पडद्यामागे लाल दिसले तर आधी छायाचित्र, मग हात, असा नियम आहे.

या गटातला सर्वांत फसवा प्रकार नीलेचा. मेंदूभोवती जे पाणी असते त्याचा दाब काही जणांत, विशेषतः वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत, कारण न कळता वाढतो. त्यामुळे कानामागून उतरणारी नीला दाबली जाऊन चिंचोळी होते आणि आवाज करू लागते. डोके दुखते, वाकले असता क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येतो, आणि कानात ठोका वाजतो. हे तीन पाहुणे एकत्र आले तर एक दिवसही घालवू नये, कारण तोच दाब डोळ्याच्या शिरेवर पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळ्यात थेंब घालून आतली शीर पाहिली की तिची सूज बहुधा दिसते. वजन घटविणे, पाणी कमी करणारे औषध, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हे त्यावरचे उपाय. २००२ सालापासून काही निवडक रोग्यांत नीलेचा चिंचोळा भाग आतून जाळीदार नळी बसवून रुंद करण्याचा उपायही सुरू झाला आहे.

तिसरा गट भिंतीचा. कानात मळ साचला, पडद्यामागे पाणी भरले किंवा कानातली इवलीशी हाडे जखडली, म्हणजे बाहेरचे आवाज अडतात आणि आतले मोठे वाटतात. सर्दीत डोके भरून आले की आपणांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. १९९८ साली अमेरिकेतील लॉइड मायनर यांनी आणखी एक प्रकार दाखवून दिला. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या एका अर्धवर्तुळाकार नळीवरचे हाड काही जणांत विरलेले असते. अशा माणसास स्वतःची नाडीच काय, स्वतःच्या डोळ्यांच्या बुबुळांची हालचालसुद्धा ऐकू येते! असे सांगणारास लोक वेडा ठरवीत आले असतील यात नवल नाही. तो बिचारा खरे तेच सांगत होता.

तर मग शोध कसा घ्यावा? आमचा अनुभव असा की, यंत्रापासून सुरुवात करू नये. नाडी, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी आधी. मग कान-नाक-घसा तज्ज्ञाने दिव्याने पडदा पाहावा आणि श्रवणमापन करावे. डोळ्यांची तपासणी चुकवू नये. आणि एक गोष्ट डॉक्टरांस नम्रपणे सुचवावी: कानामागे, मानेवर आणि मिटलेल्या पापणीवर स्टेथॉस्कोप लावून ऐकावे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका तरुणीचे हृदय ऐकले, तेव्हापासून हे साधन वैद्यांच्या हाती आहे. रोग्याचा आवाज डॉक्टरांसही ऐकू आला, तर ती फार मोलाची खूण आहे, कारण त्यामागे बहुधा शोधण्याजोगे कारण असते.

मानेच्या बाजूस हलके बोट टेकले असता आवाज थांबला तर तो नीलेचा असण्याचा संभव जास्त. मात्र ही परीक्षा डॉक्टरांच्या हातूनच व्हावी. घरी मान दाबून पाहू नये. विशेषतः वृद्धांनी तर मुळीच नाही, कारण तेथेच रोहिणीही आहे.

यानंतर यंत्रांची पाळी. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी रोहिणीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे पहिले चित्र काढले. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या डोक्याचे आडवे छेद दाखविले. आज सीटी स्कॅन हाडाच्या भिंती दाखविते, एमआरआय मेंदू आणि रक्तवाहिन्या दाखविते, आणि नसती वाट असल्याचा संशय दाट असेल तर मोनिझ यांच्या पद्धतीची आजची सुधारलेली तपासणी करावी लागते. चित्र काढणारास मात्र “नाडीबरोबर वाजणारा आवाज, उजवा कान” असे स्पष्ट लिहून कळविले पाहिजे. काय शोधायचे ते ठाऊक नसले तर समोर असलेलेही दिसत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमचे पहिले चित्र “सर्व ठीक” म्हणून परत आले होते. त्या कागदाने आम्हांस आनंद होण्याऐवजी निराशाच आली, कारण आवाज तर होताच. चौथ्या डॉक्टरांनी तेच चित्र उजेडाकडे धरून पुन्हा पाहिले आणि कानामागच्या हाडांचे बारीक छेद नव्याने मागविले. नीला जेथून वळते तेथे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत हाडाची भिंतच नव्हती. नीला उघडी पडली होती आणि तिचे वाहणे कानाला थेट ऐकू येत होते. डोळे ठीक होते, दाब नव्हता, नसती वाट नव्हती. डॉक्टर म्हणाले, “ही भिंत शस्त्रक्रियेने पुन्हा लिंपता येते. पण धोका काही नाही. हवी असेल तर करू, नको असेल तर राहू द्या.” आम्ही आठवडाभर विचार केला आणि राहू दिली.

श्रोतेहो, त्या रात्री आवाज जसाच्या तसा होता, तरी आम्ही सहा तास झोपलो. तोपर्यंत आम्हांस जे जागवीत होते ते आवाजाने नव्हे, तर “हे काय असेल?” या प्रश्नाने. जोवर कारण ठाऊक नव्हते तोवर प्रत्येक ठोका धमकी देई. कारण कळल्यावर तो नुसता ठोका राहिला.

ज्यांचे कारण सापडून दूर होते ते भाग्यवान. सगळ्यांचे तसे होत नाही. काहींचे पुष्कळ शोध घेऊनही सापडत नाही. अशांसाठी आणि आमच्यासारख्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. रात्री अगदी निःशब्द खोलीत झोपू नये. पंख्याची घरघर किंवा हलक्या आवाजातला रेडिओ पुरतो. आवाज बुडवायचा नसतो, त्याला सोबत द्यायची असते. उशी थोडी उंच घ्यावी आणि कोणत्या कुशीवर बरे वाटते ते स्वतः पाहावे. एक वही ठेवावी: आवाज कधी वाढला, कधी थांबला, डोके दुखले काय, नजर अंधारली काय. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. जाहिरातीतली तेले कानात ओतू नयेत. रक्ताच्या वाटेला कानात ओतलेले तेल पोचत नाही. मन फारच खचले तर मानसोपचार घेण्यात कमीपणा मानू नये. आवाज खरा असला तरी त्याची भीती वेगळी असते आणि तिच्यावर वेगळा इलाज असतो.

आणि घरच्या मंडळींस एक विनंती. तुमच्या घरात कोणी “माझ्या कानात ठोके पडतात” असे म्हणाले तर “मला नाही ऐकू येत” एवढे म्हणून विषय संपवू नका. मनगट हाती घ्या, नाडी मोजा आणि त्यास विचारा, “आता वाजला? आता?” आमच्या घरातून ती पहिली परीक्षा अशीच झाली. बोटांखाली नाडी उडे त्या क्षणी आम्ही “हां” म्हणत होतो. वीस ठोके जुळल्यावर तिकडून एवढेच उद्गार निघाले, “म्हणजे खरंच वाजतंय की!” साऱ्या औषधांआधी आम्हांस आराम पडला तो त्या चार शब्दांनी.

आज घरी गेल्यावर आपणांपैकी कोणास अंथरुणावर पडल्या पडल्या बारीकसा ठोका ऐकू आला तर घाबरून जाऊ नका. लक्ष देऊन ऐकले की निरोगी माणसासही कधीमधी तो ऐकू येतो. पण उद्याही आला, परवाही आला, आणि एकाच कानात येत राहिला, तर तो सहन करीत बसू नका. त्याचे कारण विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.